ताईचा तास

मंगळवारी सकाळी सव्वादहाला बेल वाजली तेव्हा दर्शना रेवाळेने आधी घड्याळाकडे पाहिलं आणि मग दाराकडे. तिच्या घरी या वेळेला कोणी येत नसे. दूधवाला सहाला येऊन जाई, कचऱ्याची गाडी साडेआठला, आणि मासे विकणारी मालन दहाच्या आत जिना चढून उतरलेली असे. सव्वादहा ते साडेअकरा माझ्या दारात कोणी यायचं नाही, असं तिने सगळ्या बिल्डिंगला बजावून ठेवलं होतं. तेव्हा ती स्वयंपाकघरात आणि शाळा ऐन भरात असे.

शाळा म्हणजे बाहेरच्या खोलीतलं जेवणाचं टेबल, आणि विद्यार्थी तीन: संस्कृती बारा वर्षांची, ऋत्विक साडेआठचा आणि मनस्वी पाचची. तिघांपैकी एकही बाहेरच्या शाळेत जात नव्हतं. लॉकडाऊनमध्ये संस्कृतीची शाळा मोबाईलवर भरायला लागली, आणि घरातला एकुलता एक मोबाईल नवऱ्याबरोबर पनवेलला. मग दर्शनाने स्वतःच शिकवायला घेतलं. डी.एड. होऊन तिला बरीच वर्षं झाली होती. प्रमाणपत्र कपाटात आणि नोकरी कुठेच नाही, अशी अवस्था. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा तिने संस्कृतीला पाठवलंच नाही. धाकट्यांचा तर प्रश्नच आला नाही.

नवरा, संदेश, पनवेलच्या एका गोदामात सुपरवायझर होता आणि पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. दर वर्षी तो म्हणायचा, "जूनमध्ये बघू." जून येई आणि जाई. मात्र एक गोष्ट त्याने स्पष्ट सांगून ठेवली होती. "सरकारी माणूस दारात येऊन उभं राहिलं तर मी तुझ्या बाजूने भांडणार नाही हां. त्या दिवशी पोरं शाळेत." म्हणूनच बेल वाजली की दर्शना दचके, आणि दुसऱ्याच मिनिटाला आपल्याच भित्रेपणाचा राग येई.

दारात एक बाई उभ्या होत्या. कॉटनची साडी, खांद्याला कापडी पिशवी, हातात फॉर्म. "मी मृणाली, इथल्या नगरपालिकेच्या शाळेतून आले. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण आहे."

दर्शनाने त्यांना आत बसवलं, पाणी दिलं, आणि आपली शाळा दाखवली. दाखवण्यासारखी होतीच. फ्रिजवर जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे काढलेलं वेळापत्रक होतं, तिघांचे तीन रंग. सातला वाचन: एकच धडा आधी संस्कृती वाचणार, मग तोच ऋत्विक, मग मनस्वी दोन ओळी मागून म्हणणार, म्हणजे थोरलीचं ऐकून धाकट्यांचे उच्चार सुधारतात. आठला पेज आणि लोणचं. साडेआठला संस्कृतीचं गणित. तेव्हा ऋत्विक पाढे म्हणणार आणि मनस्वी चिंचोके मोजणार. सव्वादहाला ताईचा तास, म्हणजे दर्शना स्वयंपाकाला लागणार आणि संस्कृती धाकट्यांची अक्षरं आणि शुद्धलेखन घेणार. दुपारी प्रत्येकाचं आपापलं, चारला संस्कृतीने वाचनालयात जाऊन पुस्तकं बदलायची. "तीन वयं, एक टेबल," दर्शना म्हणाली. हे वाक्य तिने मनाशी पुष्कळदा म्हणून ठेवलेलं होतं.

मृणालीबाईंनी ऋत्विकची वही चाळली. अक्षर मोत्यासारखं, पानापानावर दहापैकी दहा. "छान आहे," त्या म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा छान झाला नाही. "मी शनिवारी पुन्हा येते. प्रत्येकाकडून एकेक धडा वाचून घेईन. वयाप्रमाणे येत असेल तर घरी शिकतात असं लिहीन. नसेल तर मला वर कळवावं लागेल."

त्या फॉर्म पिशवीत घालत होत्या तेवढ्यात दर्शनाची नजर त्यावर गेली. तिघांची नावं आधीपासूनच लिहिलेली होती. मनस्वीच्या नावापुढे कंसात 'मनू' होतं, आणि ऋत्विकच्या नावाआधी पेन्सिलीचा एक ठिपका.

"तुम्हाला आमची नावं कोणी दिली?"

"कोणीतरी काळजीपोटी सांगितलं," बाई म्हणाल्या. "त्यात राग मानण्यासारखं काही नाही."

काळजीपोटी म्हणे. दर्शना गॅलरीत जाऊन उभी राहिली. सर्वेक्षण असेल तर बाईंनी शेजारची बेल वाजवायला हवी होती, खालच्या मजल्यावर थांबायला हवं होतं. बाई सरळ खाली गेल्या आणि रिक्षात बसून निघून गेल्या. अख्ख्या बिल्डिंगमध्ये त्यांना एकच दार माहीत होतं. दर्शनाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि ती एकदा चुकचुकली की गप्प बसणारी नव्हती.

मनू हे नाव घरातलं. घराबाहेर ते एकाच माणसाच्या तोंडी होतं: खालच्या मजल्यावरची खुर्शीदभाभी. तिचा नवरा युसुफ मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य होता, आणि तिची अलिझा त्याच नगरपालिकेच्या शाळेत सातवीत होती. आणखी काय पुरावा हवा? सहा वर्षांचा शेजार. मनस्वीच्या वेळी दवाखान्यात डबा आणला तो हिनेच. पण दर्शनाला आता निराळंच आठवायला लागलं. "पोरांना घरात कोंडून कशी गो ठेवतेस?" असं खुर्शीद एकदा जिन्यात म्हणाली होती. तेव्हा दर्शना हसली होती. आता तिला वाटलं, बावळट होतो आपण, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

त्याच दुपारी अलिझा स्टीलच्या डब्यात तांदळाची वाफवलेली सांदणं घेऊन आली. दर्शनाने ती ताटात काढून घेतली, डबा विसळला आणि तसाच तिच्या हातात दिला. रिकामा. शेजारणीचं भांडं असं परत करत नाहीत. साखरेची चिमूट, गुळाचा खडा, काहीतरी घालतातच. घरात काही नसलं तर भांडं ठेवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पाठवतात. अलिझाने डब्यात डोकावून पाहिलं, मग दर्शनाकडे पाहिलं, आणि जिना उतरली. दर्शनाला वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

बुधवारी ती डोळ्यांत तेल घालून बसली. चारला संस्कृती वाचनालयाची पिशवी घेऊन निघाली तशी ही गॅलरीत. पोरगी खाली गेली ती फाटकापर्यंत पोचलीच नाही. जिन्याच्या वळणावर अलिझाशी कुजबुज चालली होती. दर्शना चपला न घालता चार पायऱ्या उतरली. दोघी एकदम गप्प झाल्या.

"वर ये," दर्शना म्हणाली. आणि वर आल्यावर, "आजपासून वाचनालय बंद. अलिझाशी बोलणं बंद."

"अलिझाने काय केलं?"

"तिने नाही, तिच्या आईने केलं. आपल्या घरातल्या गोष्टी शाळेत जाऊन सांगितल्या. शेजारीण म्हणून घरात घेतली, आणि बघ."

संस्कृतीचा चेहरा एकदम उतरला. मैत्रिणीच्या आईचं खरं रूप कळलं म्हणून पोरीला धक्का बसला, असं दर्शनाने आपलं ठरवून टाकलं.

त्या संध्याकाळी तिला आणखी एक गोष्ट खटकली. संस्कृती आणि ऋत्विक टेबलाशी पुस्तकावर डोकी टेकवून बसले होते. ती जवळ गेली की पान उलटलं जायचं. लांब गेली की पुन्हा कुजबुज. आपल्याच घरात आपल्याविरुद्ध काहीतरी शिजतंय, असं तिला वाटायला लागलं. आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

गुरुवारी सातला वाचनाची वेळ झाली. शनिवारची तयारी म्हणून दर्शनाने तिसरीच्या पुस्तकातला अजून न झालेला धडा उघडला. नेहमीप्रमाणे संस्कृतीने पुस्तक ओढून घेतलं.

"तू नाही. आज ऋत्विक आधी वाचेल."

"मी एकदा वाचते आई, मग तो..."

"बाई काय तुला आधी वाचायला लावणार आहेत? ऋत्विक, चल."

ऋत्विकने पुस्तक घेतलं. थोडा वेळ पाहिलं. मग पाणी प्यायला गेला. आला, पुन्हा पाहिलं, आणि ओळीखाली बोट ठेवून स्वच्छ, खणखणीत आवाजात वाचायला लागला. "एका गावात एक म्हातारी राहत होती. तिच्याकडे एक शेळी होती. ती शेळी रोज डोंगरावर चरायला जायची."

चित्रात म्हातारी होती, शेळी होती, डोंगरही होता. भाकरी थापता थापता दर्शना समाधानाने मान हलवत होती. मग तिचे हात थांबले. तो धडा तिने काल रात्रीच वाचला होता. त्यात शेळी स्वतःच आपली गोष्ट सांगत होती, आणि म्हातारीचं नाव पहिल्या पानावर कुठेच नव्हतं.

ती पिठाच्या हातांनी टेबलापाशी आली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

"शेळी," ऋत्विक म्हणाला. तिथे 'पाऊलवाट' लिहिलं होतं.

"आणि हे?"

तिथे 'घर' लिहिलं होतं. ऋत्विकने शब्दाकडे पाहिलं नाही. त्याने ताईकडे पाहिलं. ताई खाली बघत होती.

चिंचोके मोजत बसलेल्या मनस्वीला या थांबण्याचं कारण कळेना. "आई, ताईने अजून वाचला नाही ना हा धडा," तिने समजावून सांगितलं. "मग दादा कसा वाचेल?"

दर्शना खुर्चीवर बसली. एकेक करून सगळं तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. रोज सातला थोरली वाचणार आणि मग धाकटा. रोज. पोराच्या कानात एकदा गेलं की ते तिथेच राहायचं, आणि ती समजत होती पोरगा वाचतोय. वहीतलं ते मोत्यासारखं अक्षर त्याने ताईचं बघून चित्र काढावं तसं काढलेलं होतं. साडेआठ वर्षांच्या तिच्या मुलाला 'घर' वाचता येत नव्हतं.

खरं तर तिला त्या क्षणी मुलाची दया यायला हवी होती. पण संशयी माणसाचं डोकं आधी भलतीकडेच धावतं. तिला आठवला तो पेन्सिलीचा ठिपका. म्हणजे हे बाईंना माहीत होतं. म्हणजे हे खुर्शीदला माहीत होतं. माझ्या पोराचं वैगुण्य मला कळायच्या आत खालच्या मजल्यावर कळलं, आणि तिने ते चव्हाट्यावर मांडलं. गॅसवर तवा तसाच ठेवून ती तरातरा खाली गेली.

खुर्शीद मोरीपाशी बसून कोलंबी सोलत होती. युसुफ पहाटे बंदरावरून येऊन आत झोपला होता, म्हणून तिने बोटानेच हळू बोलायची खूण केली.

"ऋत्विकला वाचता येत नाही हे तू शाळेत सांगितलंस," दर्शना म्हणाली. आवाज मात्र तिने हळू ठेवला.

"मी नाय सांगितलं. मला बाईंचा फोन आला, ही पोर बोलते ते खरं काय म्हणून. मी बोलले, होय, खरं."

"कुठली पोर?"

खुर्शीदने कोलंबीचं ताट बाजूला सारलं. "बस गो जरा. मी बोलणार नव्हते. पण आता तुला कळलंच हाय तर ऐक. तुझी संस्कृती दिवाळीनंतर आमच्या अलिझाबरोबर शाळेत गेलेली. वाचनालयाच्या वेळात. हेडबाईंच्या टेबलासमोर उभी राहून बोलली, आमच्या घरी तीन पोरं शाळेत येत नायत, भावाला अक्षरं पण येत नायत, तुम्ही येऊन बघा."

"खोटं आहे."

"माझ्याकडे आली तेव्हा रडत होती. बोलली, चाची, आईला नको सांगू. आईला वाटेल तिला शिकवायला येत नाय." खुर्शीदने हात धुतले. "पोरीला शब्द दिलेला मी."

"आणि मी डबा तसा पाठवला तेव्हा? तेव्हा तरी बोलायचंस."

"डबा आला तेव्हाच कळलं तुझा संशय कोणावर हाय तो. मी बोलले, बरंच झालं. माझ्यावर असू दे, पोरीवर नको."

दर्शना जिना चढून घरी आली. वर गॅस बंद केलेला होता आणि भाकरी ताटात काढून ठेवलेली होती. धाकट्या दोघांपुढे पेजेच्या वाट्या होत्या. सगळं वेळापत्रकाप्रमाणे चालू होतं, आणि ते चालवणारी बारा वर्षांची पोर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"खुर्शीदचाचीने सांगितलं ना?"

"तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," संस्कृती म्हणाली. "दोनदा. त्याला अक्षरं येत नाहीत, मला नाही जमत आहे, असं म्हटलं होतं. तू म्हणालीस, तू मन लावून शिकवत नाहीस. दुसऱ्यांदा म्हणालीस, ताईच्या तासाला अजून पंधरा मिनिटं घे." ती रागावलेली नव्हती, आणि तेच दर्शनाला सहन होईना. "मी दहा वर्षांची होते गं तेव्हा. मग मी त्याला दहापैकी दहा द्यायला लागले."

दर्शनाला आठवत होतं. दोन्ही वेळा ती कुकरची शिट्टी मोजत होती.

एखादीने त्याच दिवशी स्वतःचे कान धरले असते. पण दर्शनापुढे शनिवार उभा होता, आणि शनिवारच्या मागे संदेश. चार वर्षं नातेवाइकांपुढे, सावर्ड्याला माहेरी, नवऱ्यापुढे ती जे छातीठोक सांगत आली ते सगळं एका धड्यावर येऊन ठेपलं होतं. शुक्रवारी दुपारी ऋत्विकनेच मार्ग सुचवला. "कुठला धडा विचारतील, आई? ताईने दोनदा वाचला की माझी एकपण चूक होत नाही."

नाही म्हणायचं ते तिने म्हटलं नाही. पुस्तकात अठरा धडे होते. दोनपासून सहापर्यंत संस्कृतीने अठराच्या अठरा धडे दोन-दोनदा वाचले, आणि ऋत्विकने ते जसेच्या तसे म्हणून दाखवले. पान कुठे उलटायचं ते चित्रांवरून ठरलं. ओळीखालून बोट किती वेगाने न्यायचं ते दर्शनाने शिकवलं. शनिवार पार पडला की सोमवारपासून आपण स्वतः त्याला अक्षरं शिकवू, असं ती मनाला बजावत राहिली. सहा वाजता संस्कृतीचा घसा बसला होता. तिने एकदाही तक्रार केली नाही.

शनिवारी मृणालीबाई दहाला आल्या. संस्कृतीने सातवीचा उतारा वाचला. मनस्वीने चिंचोके मोजून दाखवले. मग बाईंनी तिसरीचं पुस्तक मधूनच उघडून ऋत्विकपुढे ठेवलं. ऋत्विकने चित्र पाहिलं आणि सुरुवात केली. बोट ओळीखालून बरोबर सरकत होतं. पान वेळेवर उलटलं. एक काना, एक वेलांटी चुकली नाही. दर्शनाने पदराखाली मूठ घट्ट आवळून धरली होती. धडा संपला तशी ती सैल झाली.

बाईंनी पुस्तक मिटलं. फॉर्मवरचा तो ठिपका खोडरबराने पुसला. मग त्या संस्कृतीकडे वळल्या, आणि त्यांच्या आवाजातलं मार्दव गेलं होतं.

"याला अक्षरओळखही नाही असं तू आमच्या हेडबाईंना सांगितलंस. तो तर अस्खलित वाचतो. मग तू खोटं का बोललीस?"

संस्कृतीने आईकडे पाहिलंसुद्धा नाही. "चुकले," ती बसलेल्या आवाजात म्हणाली. "मी खोटं बोलले. मला शाळेत यायचं होतं म्हणून."

"बघा, लहान वयात असं होतं," बाई दर्शनाला म्हणाल्या. "पण लक्ष ठेवा तिच्यावर. शिकवणारी व्यक्ती म्हणून तुमचंच नाव लिहू ना?"

'हो' एवढाच शब्द हवा होता. तो दर्शनाच्या जिभेवर होता. आठवडाभर तिने हिच्यावर संशय घे, तिच्यावर पाळत ठेव असं केलं, आणि आता एक परकी बाई तिच्याच घरात तिच्या मुलीकडे त्याच नजरेने बघत होती. मुलगी मान खाली घालून ते सोसत होती. दर्शनाला स्वतःची लाज वाटली.

"ती खोटं बोलली नव्हती," दर्शना म्हणाली. "आत्ता बोलली. त्याला सगळे धडे पाठ करून दिलेत आम्ही, काल दुपारभर. एका कागदावर 'घर' लिहून त्याच्यापुढे ठेवा, म्हणजे कळेल."

बाईंनी कागद काढला नाही.

"आणि शिकवणाऱ्याचं नाव माझं नको. संस्कृती संदेश रेवाळे लिहा. वय बारा. तिला सोमवारपासून शाळेत घ्या, आणि त्यालाही. तिला आधी घ्या."

संस्कृती रडायला लागली. आठवडाभर जमवून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडावं तशी, मोठ्याने, नाक ओढत, अगदी बारा वर्षांच्या पोरीसारखी. मनस्वी घाबरून तिला बिलगली.

ऋत्विकला यातलं काही कळलं नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की सगळं नीट करूनही घरात रडारड झाली आहे. त्याने आईचा पदर ओढला. "पण माझी एक तरी चूक झाली का?"

"नाही रे," दर्शना म्हणाली. "तुझी नाही झाली." आणि तिने बाईंनी पुढे केलेल्या फॉर्मवर सही केली.